शेकडा पावणेतीन

"मरदानगी मोजून आणतो! सही-शिक्क्यासकट आणतो अन् याच फाटकात सगळ्यायले वाचून दाखवतो!"

आसगावच्या राइस मिलसमोर भय्याजीने ही घोषणा केली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, साल होतं एकोणीसशे शहाऐंशी, आणि ऐकायला धानाच्या चाळीस बैलबंड्या, त्यांचे चाळीस मालक आणि ऐंशी बैल हजर होते. म्हणजे माघार घ्यायला जागा नव्हती. बैलांनीसुद्धा कान टवकारले होते!

घोषणेचं कारण समोरच उभं होतं. त्याचं नाव तेजराम. वय अठ्ठावीस, अंगाने चिपाडासारखा, जीभ मात्र कोयत्यासारखी.

"काकाजी," तो म्हणाला होता, "बैल तेच हायत, छकडा तोच हाय. तरी गेल्या साली दिघोरीच्या पटात दोन हातानं हरलो. मंग कमी कोण झालं? तुमच्यातला मरद थकला जी! यंदा धुरेवर मले बसू द्या."

धूर म्हणजे शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकणाऱ्याची जागा. इश्वरजींच्या जोडीची धूर चौदा वर्षं भय्याजीकडे होती. दोन जोड्या म्हाताऱ्या झाल्या, तिसरी आली, भय्याजी तसाच बसलेला! गावात लग्नाची पंगत असो की ग्रामपंचायतीची सभा, "धुरकरी आले, धुरकरी आले" म्हणत लोक सरकून जागा देत. ती जागा गेली तर उरणार काय? मिलमधला एक नोकर. सरकून जागा देण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

आणि इश्वरजी, बैलांचे मालक, साठीचे, कमी बोलणारे, त्यांनी तेजरामचं ऐकून एकच शब्द उच्चारला होता.

"पाहू."

इश्वरजींचा 'पाहू' फार वाईट. मागे एका सोयरिकीला ते 'पाहू' म्हणाले होते. ती मुलगी दुसऱ्या गावात नांदून आता आजी झाली.

तर मोजायचं ठरलं. पण मरदानगी मोजायची म्हणजे कशाने? पायलीने?

इथे भय्याजीचा धंदा सांगायला हवा. मिलमध्ये तो धानाचा पारखी. लोखंडाची टोकदार पोकळ नळी बोरीत, म्हणजे पंचाहत्तर किलोच्या पोत्यात, खुपसायची, मूठभर धान काढायचं, तळहातावर चोळायचं, फुंकर मारायची आणि सांगायचं: "उतारा सदुसष्ट." म्हणजे शंभर किलो धानातून सदुसष्ट किलो तांदूळ. आणि सदुसष्टच निघे! वीस वर्षांत तो अर्ध्या किलोनेसुद्धा चुकला नव्हता. त्यामुळे जगात जे काही आहे त्याचा नमुना काढता येतो आणि उतारा सांगता येतो, यावर त्याची श्रद्धा होती. त्यात गेल्याच आठवड्यात भजी बांधून आलेल्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावर त्याने वाचलं होतं की पुरुषाचं पुरुषपण म्हणजे रक्तातलं टेस्टोस्टेरॉन नावाचं एक द्रव्य, आणि ते आता मोजता येतं. मधल्या दोन ओळी तेलात गेल्या होत्या. पण 'मोजता येतं' एवढं स्वच्छ दिसत होतं.

बायको, रुखमा, बॅग भरताना म्हणाली, "अजी, एवढ्या दूर कायले जाता? मलेच इच्यारलं असतं तं सांगितलं असतं."

"काय सांगितलं असतं?"

"काई नाई. स्वेटर ठेवलं हाय."

*

नागपूर. डॉक्टरांची खोली.

"काय तक्रार आहे?"

"तक्रार नाई जी. माल एक नंबर हाय. फक्त दाखला पाह्यजे."

"तक्रार नसताना ही तपासणी करत नाहीत."

"मंग लिहा का थकवा येते."

"येतो?"

"दुपारी जेवून झोपतो, तं चार वाजता उठतो."

"घोरता?"

"मी नाई घोरत. रुखमा म्हणते का मिल चालू हाय का काय."

डॉक्टरांनी वजन केलं. चौऱ्याण्णव किलो! भय्याजी खूश झाला. धान वजनदार भरलं की भाव चढतो, हे कोणाला सांगायला नको. डॉक्टर मात्र खूश दिसले नाहीत. त्यांनी चिठ्ठीवर दोन तपासण्या लिहिल्या: टोटल आणि फ्री.

"उद्या सकाळी आठला उपाशीपोटी या. हे सकाळी जास्त असतं, दिवस चढेल तसं उतरतं. रक्त मुंबईला जाईल, रिपोर्ट टपालाने तुमच्याकडे येईल. आणि एक लक्षात ठेवा: तो स्वतः वाचू नका. माझ्याकडे घेऊन या, मी अर्थ सांगतो."

वाचकहो, पाकीट हातात आल्यावर न वाचता नागपूरपर्यंत घेऊन जाणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का?

रात्री रुखमाच्या भावाकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पावणेआठलाच भय्याजी बाही वर करून हजर! रक्त काढायला निर्मलाबाई नावाच्या नर्स होत्या. त्यांनी एका दंडातून एक नळी भरली आणि कापूस दाबला.

"झालं."

"झालं? एकाच जाग्यावरून?"

"मग?"

"बाई, बोरीतून नमुना काढतो आमी तं वरून एक, मधून एक, बुडातून एक. एकाच जाग्यावरून काढणं म्हणजे लबाडी हाय! एक पायातून घ्या."

"तुम्ही बोरी आहात का?"

"तसं नाई, पण वरचा माल येगळा असते, खालचा येगळा."

"अहो, रक्त फिरतं! सगळीकडे एकच असतं!"

भय्याजीने विचार केला. फिरतं हे मान्य. पण नीट मिसळलेलं असतं याची हमी काय? "मंग थे सांडून द्या," तो म्हणाला, "अन् दुसरं घ्या. मी पहिले हालवून देतो." आणि चौऱ्याण्णव किलोंचा भय्याजी दवाखान्यात जागच्या जागी उड्या मारू लागला! टेबलावरच्या बाटल्या किणकिणल्या. बाहेर रांगेतल्या एका म्हाताऱ्याला वाटलं, इथे रक्त काढायच्या आधी हे करावंच लागतं. बिचारा तोही सुरू झाला.

निर्मलाबाईंनी पहिलीच नळी ठेवली.

*

अठरा दिवसांनी, एका शनिवारी, पाकीट आलं. मिलच्या मागे, कोंड्याच्या ढिगाआड उभं राहून भय्याजीने ते फोडलं.

टोटल टेस्टोस्टेरॉन . . . . २६८
(सर्वसाधारण : ३०० ते १०००)
फ्री टेस्टोस्टेरॉन . . . . ७४
(सर्वसाधारण : ५० ते २१०)

आकड्यांपुढे मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत आणखी काहीतरी होतं. ते त्याने सोडून दिलं.

दोनशे अडुसष्ट! तीनशेच्या खाली! मग खालची ओळ पाहिली. चौऱ्याहत्तर, पन्नासच्या वर. हुश्श! एक पास, एक नापास. दुसरा कोणी असता तर इथे थांबला असता. पण हा वीस वर्षांचा पारखी! त्याच्या डोक्यात आपोआप जातं फिरलं. टोटल म्हणजे मिलमध्ये गेलेला धान. फ्री म्हणजे तूस-कोंड्यातून मोकळा झालेला तांदूळ. मग उतारा?

चौऱ्याहत्तर भागिले दोनशे अडुसष्ट. शेकडा साडेसत्तावीस.

साडेसत्तावीस! असं धान कोणी आणलं असतं तर त्याने बंडी फाटकाच्या आतसुद्धा येऊ दिली नसती. पोचट! सगळा पोचट! बाहेरून टरफल भरीव, आत वारा!

ती रात्र कशी गेली ते रुखमाला विचारा. म्हणजे, तिला चांगली गेली. पहिल्यांदाच मिल बंद होती.

*

रविवारी मिलला सुट्टी. भय्याजीने शाळेतल्या धनीराम गुरुजींना फाटकाशी गाठलं. गणिताचे मास्तर, सज्जन माणूस, पण एक खोड: हातात खडू नसेल तर डोकं चालत नाही.

"गुरुजी, कोणाले सांगू नका. माहा हिशेब चुकला का पाहा."

गुरुजींनी चष्मा वर-खाली करून रिपोर्ट पाहिला. मग त्यांचा चेहरा उजळला. एखाद्या पोराने चुकीचं गणित बरोबर पद्धतीने सोडवलं की उजळतो तसा.

"चुकला!"

"चुकला?" भय्याजीचा जीव भांड्यात पडला. "मले वाटलंच होतं! एवढं कमी असूच नाई शकत!"

"तुम्ही ही बारीक अक्षरं पाहिलीच नाहीत. वरचं नॅनोग्रॅममध्ये आहे, शंभर मिलीत. खालचं पिकोग्रॅममध्ये, एका मिलीत. मापं वेगळी आहेत, भय्याजी! पायलीतून किलो वजा करता का?"

"नाई जी, नाई!"

"थांबा, खडू आहे का?"

खडू होता. फाटकाच्या भिंतीवर मिलचा काळा फळा होता आणि त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने कायमचं लिहिलेलं होतं: आजचा उतारा, शेकडा. गुरुजींनी त्याखालीच सुरुवात केली. भरभर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

आजचा उतारा, शेकडा
२.७६

"दोनशे अडुसष्टचे त्या मापात दोन हजार सहाशे ऐंशी झाले," गुरुजी आनंदाने म्हणाले. "एक शून्य वाढलं. म्हणून उतारा साडेसत्तावीस नाही, पावणेतीन! आता गणित एकदम बरोबर आहे!"

"गणित बरोबर हाय," भय्याजी भिंतीला धरत म्हणाला, "अन् माणूस गेला!"

तो घरी गेला आणि गोधडी डोक्यावरून घेऊन आडवा झाला.

फळा पुसायचं कोणालाच सुचलं नाही.

*

सोमवार. सकाळी आठ. बंड्या येऊ लागल्या.

"अबे, फळा पाह्यला का?"

"किती लिवलं हाय?"

"पावणेतीन!"

"त्रेसष्ट असन."

"नाई बाप्पा, पावणेतीन! क्विंटलामागं पावणेतीन किलो तांदूळ!"

"मंग बाकीचे सत्त्याण्णव किलो कोण खाल्ले?"

"उंदरायनं, म्हणन मिलवाले शेठजी."

"एवढे उंदीर तं राजवाड्यात नसन!"

हे शेवटचं बोलली ती बायजाबाई. विधवा बाई, स्वतःची बंडी स्वतः हाकणारी, आणि आवाज असा की तलावापलीकडे कोणी शिंकलं तर इथून "देव भलं करो" पोहोचवेल. तिने बंडी फिरवली. तिच्यामागे दुसरी फिरली, तिसरी फिरली. अर्ध्या तासात पवनीच्या रस्त्यावर बंड्यांची उलटी वरात! मिलचे शेठजी धोतर सावरत मागे धावत होते. "चूक आहे! चूक आहे! थांबा!" पण चूक कोणाची हे त्यांना कुठे ठाऊक होतं? अक्षर गुरुजींचं, आकडा देवाचा.

कोणीतरी भय्याजीला गोधडीतून ओढून आणलं.

त्याने फळा पाहिला. फिरलेल्या बंड्या पाहिल्या. शेठजी पाहिले, ते रडायच्या बेतात होते. वीस वर्षं या फळ्यावर त्याने एकही खोटा आकडा लिहिलेला नव्हता. त्याच्या शब्दावर लोक पंधरा-पंधरा कोसांवरून धान आणत. आता गप्प बसलं तर मिल बुडणार. तोंड उघडलं तर...

भय्याजी एका बंडीवर चढला. डोळे मिटले.

"ओ लोकहो! थो उतारा धानाचा नाई! माहा हाय!"

सगळं थांबलं.

"तुहा?" बायजाबाईने बैलांचा कासरा ओढला. "तुहा कायचा उतारा?"

"मरदानगीचा. रक्त मुंबईले गेलतं."

"म्हणजे शंभरात तू पावणेतीन मरद हायेस?"

"हिशेबानं तसंच होते जी."

हसण्याचा असा लोट उठला की छपरावरचे पारवे उडाले! माणसं पोत्यांवर लोळली. एक जण हसता हसता बंडीतून पडला आणि खाली पडूनही हसत राहिला. बायजाबाईने पदराने डोळे पुसले आणि बंडी पुन्हा मिलकडे वळवली. "जाऊ दे रे पोरा," ती जाता जाता म्हणाली. "माह्या घरच्यायचा कोणी मोजला नाई, म्हणून संसार झाला."

मिल वाचली. पण गर्दीच्या कडेला तेजराम उभा होता. तो हसत नव्हता. तो इश्वरजींकडे पाहत होता.

"मामाजी, आता तं लेखी आलं. पट पंधरा दिवसावर हाय."

इश्वरजींनी भय्याजीकडे पाहिलं. "डाक्टरले इच्यारून ये," ते म्हणाले. "मंग पाहू."

*

डॉक्टर इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं.

"पावणेतीन तुम्ही काढलंत?"

"गुरुजीनं. मायं साडेसत्तावीस आलतं."

"अहो, हे द्रव्य रक्तात बहुतेक सगळं प्रथिनांना चिकटून फिरतं. मोकळं असतं ते अगदी थोडं, आणि कामाला लागतं ते मुख्यतः तेच. शंभरात दोन-तीन. कोणत्याही धडधाकट पुरुषात."

"कोणत्याबी?"

"कोणत्याही. माझं मोजलं तर दोनच भरेल."

"दोन?" भय्याजीने डॉक्टरांकडे कणवेने पाहिलं. मग त्याचा चेहरा हळूहळू पसरला. "म्हणजे गोदामात किती बोऱ्या शिवून ठेवल्या हाय थे नाई पाहाचं. आज गंजात किती शिजून राहिलं थे पाहाचं!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "इतक्या सोप्या शब्दांत मला कधी सांगता आलं नसतं. हो! आणि तुमच्या गंजात भरपूर आहे."

"मंग दोनशे अडुसष्ट काहून?"

"ते चिकटवून ठेवणारं प्रथिन तुमच्यात कमी आहे, म्हणून गोदाम रिकामं दिसतं."

"थे कमी काहून?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून भय्याजीच्या सदऱ्याच्या चौथ्या बटणाकडे पाहिलं. ते बटण जिवाच्या कराराने टिकून होतं.

"पोट," डॉक्टर म्हणाले. "चरबी वाढली की ते प्रथिन उतरतं. औषध नको. वीस किलो कमी करा."

*

भय्याजी गावात आला तो वरातीतल्या नवरदेवासारखा! बसमधून उतरला आणि फाटकात उभं राहून त्याने सगळं सांगितलं. गोदाम, गंज, डॉक्टरांचे दोन, स्वतःचे पावणेतीन. खुद्द धनीराम गुरुजींनी मान डोलावली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेजरामची मान खाली गेली.

इथेच थांबला असता तर! पण पारखी माणूस. नमुना सांगायचा तर पूर्ण सांगायचा.

"अन् गोदाम काहून कमी, थे पण सांगतो. पोटामुळं! डाक्टर म्हणे, चरबी हाय. बाकी काईच दोष नाई!"

इश्वरजींनी पहिल्यांदाच मान वर केली.

"तुहं वजन किती हाय रे?"

"चौऱ्याण्णव जी!" अभिमानाने.

"काट्यावर चढ."

मिलच्या मोठ्या काट्यावर भय्याजी चढला. चौऱ्याण्णव. नागपूरचा काटा खरा होता. मग इश्वरजींनी बोटाने तेजरामला बोलावलं. छप्पन्न.

"अडतीस किलो," गुरुजी लगेच म्हणाले. खडू लागला नाही.

"अर्धी बोरी," इश्वरजी म्हणाले. "माहे बैल गेल्या साली अर्धी बोरी जास्तीची घेऊन धावले अन् दोन हातानं हरले. बिचारे!"

"पण मामाजी, रिपोर्ट! मरदानगी तं पुरी हाय ना! छापून हाय!"

"हाय ना बापू. कोण नाई म्हणते?" इश्वरजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. फार मायेने ठेवला, म्हणून तो जास्त जड वाटला. "पण बैल रिपोर्ट नाई वाचत. बैल वजन वाचते."

*

दिघोरीचा पट. धुरेवर तेजराम.

जोडी अशी सुटली की धुळीतून फक्त शिंगं दिसली! चार हातांनी जिंकली. सगळ्यांत जास्त कोण ओरडलं म्हणाल तर भय्याजी. ओरडता ओरडता सदऱ्याचं चौथं बटण तुटून कोणाच्या तरी पागोट्यात गेलं. मग तो एका बाभळीखाली एकटाच जाऊन बसला. कोणी सरकून जागा दिली नव्हती. जागा आपली होतीच तिथे, रिकामी.

थोड्या वेळाने तेजराम आला. गळ्यात हार, कपाळाला गुलाल.

"काकाजी."

"शाब्बास रे. चांगला हाकला."

"मी कुठं हाकला? बैल सुटले अन् मी डोळे मिटले, थे इथं येऊन उघडले." तो जवळ टेकला आणि इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "लई भेव वाटलं जी. हातपाय अजून कापून राहिले. त्या नागपूरच्या डाक्टरचा पत्ता देता का? म्हटलं, मायंबी मोजून पाहावं."

भय्याजीने त्याच्याकडे पाहिलं. चौदा वर्षांपूर्वी पहिल्या पटानंतर आपण कुठल्या झाडामागे जाऊन ओकलो होतो, ते त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. आजही सांगणार नव्हता.

"नको मोजू," तो म्हणाला. "एकदा मोजलं, का मंग खरं सांगा लागते."